नगरपरिषदेच्या रस्त्याचा पैसा कसा तपासायचा: अंदाजपत्रकापासून एम.बी.पर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्रातल्या सुमारे ३० हजार वस्तीच्या एका नगरपरिषदेत प्रभागातला काँक्रीट रस्ता मंजूर झाला आहे. आधीचा रस्ता दोन पावसाळ्यांत उखडला. नगरसेवकांना विचारलं की ते म्हणतात, "निधीच येत नाही". कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळतं, "काम अंदाजपत्रकाप्रमाणेच झालं होतं". सामान्य माणसाने हा खर्च तपासायचा कसा आणि तक्रार करायची तर कुठे?

सुरुवात कामाच्या अंदाजपत्रकापासून करा, आणि तीही पहिला खड्डा खोदायच्या आधी. लहान गावात रस्त्याच्या पैशाचं काय होणार ते दोन कागदांवर ठरतं. एक कामाचं अंदाजपत्रक, म्हणजे एस्टिमेट, आणि दुसरा मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एम.बी. म्हणतात; झालेल्या कामाची मोजमापं तीत नोंदवतात आणि त्यावरून बिल निघतं. सभेतली खडाजंगी, बॅनर, भूमिपूजन यांतून यातलं काहीच कळत नाही. "अंदाजपत्रकाप्रमाणेच झालं" हे उत्तर खरंही असू शकतं, हे आधी लक्षात घ्या. खाली काळी माती असताना अंदाजपत्रकात मुरमाचा थरच धरला नसेल, तर प्रामाणिकपणे केलेला रस्ताही दोन वर्षांत फुटतो. तेव्हा दोष ठेकेदाराचा नसतो, अंदाजपत्रक करणाऱ्याचा आणि त्यावर तांत्रिक मान्यतेची सही करणाऱ्याचा असतो.

आता "निधी नाही" या उत्तराबद्दल. नगरपरिषदेचा पैसा एका पेटीत नसतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडे, बाजार फी, विकास शुल्क हा स्वतःचा निधी. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. तिच्या बदल्यात मिळणारं सहायक अनुदान बहुतेक ठिकाणी पगारातच संपतं. त्यानंतर वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थानसारख्या राज्य योजना, वस्ती सुधार योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा पैसा आणि आमदार-खासदार निधी. प्रत्येकाचं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं खातं, वेगळं, अटी वेगळ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात लहान शहरांना मिळालेल्या अनुदानापैकी ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचं, होतं: निम्मं स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, निम्मं पाण्यासाठी. उरलेलं ४० टक्के अबंधित, पण तेही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नव्हतं. त्यामुळे बँकेत कोट्यवधी शिल्लक असूनही रस्त्याला पैसा नसणं शक्य आहे. नगरसेवक अशा वेळी खोटं बोलत नसतो, अर्धं बोलत असतो. "कोणत्या लेखाशीर्षात निधी नाही आणि कोणत्या शीर्षात किती अखर्चित पडून आहे?" असं विचारा. हा प्रश्न लेखी गेला की उत्तर लेखापालाला द्यावं लागतं.

कराच्या पावतीबद्दलही एक गैरसमज असतो. पावतीवरचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर राज्य सरकारचे आहेत. नगरपरिषद ते फक्त गोळा करून पुढे भरते. "आम्ही एवढा कर भरतो" असं म्हणताना ते वजा करून बोला, नाहीतर पहिल्याच वाक्यात तुमचा मुद्दा खोडला जातो.

वार्षिक अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत विशेष सभेपुढे येतो. तो पूर्ण वाचायची गरज नाही. तीन रकाने शेजारी ठेवा: मागच्या वर्षीची प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. प्रत्यक्ष जमा ९० लाख आणि पुढचा अंदाज अडीच कोटी असेल, तर मधला फरक कशातून येणार हे विचारा. फुगवलेल्या जमेवर कामं मंजूर होतात, वर्क ऑर्डरी निघतात आणि नंतर बिलं दोन-दोन वर्षं थकतात. थकबाकीची जोखीम ठेकेदार पुढच्या दरात धरतो किंवा मालात काढतो. "शिलकी अर्थसंकल्प" या बातमीला काही अर्थ नाही. जमेचा आकडा वाढवला की कोणताही अर्थसंकल्प शिलकी होतो. महिला व बालकल्याण, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवायच्या प्रत्येकी ५ टक्के रकमेपुढे प्रत्यक्ष खर्चाचा आकडा काय आहे तेवढं जरूर पाहा. तरतूद दिसते, खर्च शून्य असतो.

आता मूळ फाइलकडे.

सगळ्यात आधी कामाचं नाव वाचा. आपल्याकडे कामांची नावं "मारुती मंदिर ते पाण्याची टाकी रस्ता काँक्रिटीकरण" अशी असतात. हाच रस्ता दुसऱ्या योजनेत "पाण्याची टाकी ते शाळा" किंवा एखाद्याच्या घरापासून दुसऱ्याच्या घरापर्यंत म्हणून लागतो. दोन्ही कामांत ६० मीटरचा तुकडा सामाईक निघाला, तर त्या तुकड्याचं बिल दोनदा निघालेलं असू शकतं. राज्य निधीच्या मंजुरी आदेशांत "कामाची द्विरुक्ती होणार नाही" अशी अट साधारणपणे असते आणि तसा दाखला मुख्याधिकारी देतात. त्या दाखल्याची प्रत मागा. तुमच्या प्रभागातल्या गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या रस्ताकामांची यादी घ्या आणि गावाच्या नकाशावर रंगीत पेन्सिलीने रेघा मारा. साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर) किंवा अक्षांश-रेखांश नसलेलं काम वेगळं काढा. हे एका दुपारचं काम आहे आणि दुबार कामं बहुधा इथेच सापडतात.

नंतर अंदाजपत्रक. त्यात गोषवारा, मोजमापाचा तक्ता, नकाशा आणि लीड स्टेटमेंट असतं. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून घेतात, त्यामुळे दरावर वाद घालत बसू नका. पाहायचं ते लीड, म्हणजे खाणीपासून कामापर्यंतचं अंतर. खडी १२ किलोमीटरवरच्या क्रशरवरून येते आणि तक्त्यात ४० किलोमीटर लिहिलंय, तर खडी, वाळू, मुरूम या सगळ्यांचा दर नुसत्या अंतराने चढतो. गावातला कोणताही डंपरवाला खरं अंतर सांगेल. रकमेत १८ टक्के जीएसटी, चाचणी खर्च, सल्लागाराची फी, आकस्मिक खर्च हेही असतं. मंजूर रक्कम भागिले लांबी असा हिशेब करून "मीटरला एवढे लाख?" असा आरोप करू नका. आधी नुसत्या कामाची रक्कम वेगळी काढा.

मग झाकल्या जाणाऱ्या बाबी बघा. लहान कामांची निविदा बहुधा बी-१ पद्धतीची असते. ठेकेदार संपूर्ण अंदाजपत्रकावर एकच टक्का लावतो, इतके टक्के कमी किंवा जास्त. एकेका बाबीच्या दरात हात घालता येत नाही, म्हणून खेळ परिमाणात होतो. काँक्रीट सगळ्यांना दिसतं. खोदाई, मुरूम भराव, खडीचा थर, पाणी उपसा या गोष्टी पंधरा दिवसांत झाकल्या जातात आणि नंतर कुणी मोजू शकत नाही. खोदाईचा दर माती, मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असा चढत जातो. एम.बी.त कठीण खडक नोंदवला असेल आणि खोदाई जेसीबीच्या साध्या बकेटने सकाळी संपली असेल, ब्रेकर आलाच नसेल, तर शेजारच्या चार घरांतली माणसं त्याची साक्षीदार आहेत. खोदाई झाली त्याच दिवशी पट्टी ठेवून तारखेसह फोटो काढा. मुरमाचा थर रोलरखाली दबल्यावर मोजायचा असतो, सैल असताना नाही. दबून तो बराच कमी होतो.

उदाहरण म्हणून २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड एम-३० काँक्रीटचा (म्हणजे ताकद ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) रस्ता घ्या. काँक्रीट झालं १२० घनमीटर. जाडी प्रत्यक्षात १२ सेंटिमीटर पडली तर ९६ घनमीटर, म्हणजे २४ घनमीटर कमी. तीन सेंटिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, पण तो पाचवा हिस्सा आहे. शिवाय रस्त्याचं आयुष्य त्याहून जास्त घटतं, कारण स्लॅबची वाकण सोसण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२ सेंटिमीटरच्या स्लॅबमध्ये ती १५ च्या जेमतेम ६४ टक्के भरते.

जाडी चोरायची नेहमीची जागा म्हणजे मधला भाग. कडेला १५ सेंटिमीटर उंचीचं चॅनल, म्हणजे काँक्रीट अडवणारी लोखंडी पट्टी, उभं असतं, तिथे पट्टी लावली की आकडा बरोबर येतो. खालचा थर मात्र मध्ये फुगवटा ठेवून केलेला असतो. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही चॅनलच्या माथ्यावरून दोरी ताणा आणि दोरीपासून खालच्या थरापर्यंतचं अंतर मध्यावर आणि दोन्ही पाव अंतरांवर मोजा. दर २० मीटरवर एकदा. रस्त्याला एकाच बाजूला उतार असेल तर सगळीकडे १५ यायला हवेत. मध्यावर उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार असेल तर पृष्ठभाग दोरीच्या वर जातो. ४ मीटर रुंदीला ५० मीटरला १ मीटर या प्रमाणात मध्यावर ४ सेंटिमीटर, म्हणून दोरीखाली मध्यावर ११ सेंटिमीटर चालतील. हा फरक माहीत नसेल तर चुकीची तक्रार होते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचीही किंमत जाते.

मालाचा हिशेब तीन वेगळ्या बाजूंनी जुळतो. एम-३० ला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट धरलं, तर १२० घनमीटरला ९६० पोती. काँक्रीट प्लांटवरून तयार येत असेल तर ६ घनमीटरच्या गाडीने २० फेऱ्या व्हायला हव्यात, आणि प्रत्येक फेरीचं चलन असतं. जागेवर मिक्सरने करत असतील तर खडी साधारण १०० घनमीटर लागते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ ब्रास. गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या किंवा बिलातली कपात याच्याशी जुळली पाहिजे. पावत्या १५ ब्रासच्या असतील तर एक तर खडी चोरून आणली किंवा काँक्रीटच कमी झालं. दोन्ही उत्तरं नगरपरिषदेला अडचणीची आहेत.

चाचण्यांच्या कागदात सगळ्यात जास्त लपवाछपवी असते आणि ती पकडणं सगळ्यात सोपं असतं. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ५० घनमीटरपर्यंतच्या काँक्रीटला चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक नमुना. १२० घनमीटरला सहा नमुने होतात. एका नमुन्याचे तीन ठोकळे, म्हणजे अठरा. फाइलमध्ये तीनच ठोकळ्यांचा एक अहवाल असेल तर तो अपुरा आहे. १५० मिलिमीटरच्या ठोकळ्यावर ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर म्हणजे ६७५ किलोन्यूटन भार. खऱ्या अहवालात आकडे वरखाली असतात. सगळे ठोकळे ६८० च्या आसपास चिकटलेले दिसले तर प्रयोगशाळेच्या मूळ नोंदवहीची प्रत मागा. ठोकळ्यांवर ओतल्याची तारीख असते. ती तुमच्या फोटोंच्या तारखेशी ताडून पाहा.

तारखांचा हा ताळा मार्चअखेरच्या कामांना तर हमखास लावा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजतात. २० मार्चला ओतलेल्या काँक्रीटचा २८ दिवसांचा अहवाल १७ एप्रिलच्या आधी येऊच शकत नाही. ३१ मार्चला अंतिम बिल निघालं असेल आणि फाइलमध्ये २८ दिवसांचा अहवाल जोडलेला असेल, तर दोनपैकी एक तारीख खोटी आहे. निधी परत जाईल या भीतीने अर्धवट कामाची पूर्ण मोजमापं एम.बी.त चढवली जातात. कधी हेतू चांगलाही असतो, पण एकदा बिल निघालं की ठेकेदाराला ओढून आणायचं साधन नगरपरिषदेच्या हातात फारसं उरत नाही.

क्युरिंगला किमान सात दिवस, मिश्र सिमेंट किंवा कडक ऊन असेल तर दहा, आणि रस्त्याच्या स्लॅबला चौदा दिवस पाणी धरून ठेवणं योग्य. सांधे कापायला उशीर झाला की काँक्रीट स्वतःच्या मर्जीने, वाकडंतिकडं फुटतं. ते ओतल्यानंतर काही तासांत, साधारण दुसऱ्या दिवसाच्या आत, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतके खोल कापायला हवेत. गाडीत पाणी वाढवताना दिसलं तर फोटो आणि वेळ नोंदवा.

जुना रस्ता न खोदता त्यावरच काँक्रीट चढवणं ही आणखी एक वाईट सवय. खोदाईचे पैसे लागलेले असतात, खोदाई होत नाही, रस्ता वर येतो आणि पहिल्याच पावसात पाणी घरांच्या उंबऱ्यात शिरतं. अंदाजपत्रकात जुनं डांबर किंवा काँक्रीट फोडून काढण्याची बाब आहे का बघा. काम सुरू होण्याआधी घरांच्या जोत्यावर खडूने रस्त्याची जुनी पातळी आखून ठेवा. रस्त्यालगतच्या नालीचा तळ नव्या रस्त्याच्या खाली किती आहे हेही विचारा. आधी रस्ता आणि वर्षाने पाण्याची पाइपलाइन हा क्रम असेल, तर काम थांबवायची मागणी लेखी करा, मग लोक चिडले तरी चालेल.

झालेल्या रस्त्याबद्दल शंका असेल तर कोअर, म्हणजे रस्त्यात भोक पाडून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढायची मागणी करा. ती यंत्राने, नगरपरिषदेच्या माणसासमोर, मध्यावरून काढायची. माहिती अधिकार कायद्यात "माहितीचा अधिकार" याच्या व्याख्येतच कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोअरची सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम-३० ला म्हणजे सरासरी २५.५ आणि किमान २२.५. कोअरची लांबी हीच जाडी, तिच्यावर कुणाला वाद घालता येत नाही.

निविदेबद्दल थोडक्यात. राज्याच्या ई-निविदांच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर कुणी भरली, कितीने भरली हे दिसतं. २५-३० टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराची, निविदा आली की गावात आनंद होतो, पण तेव्हाच जास्त जागं राहायचं. एक तर अंदाजपत्रक फुगलेलं होतं किंवा माल कमी पडणार आहे. फार कमी दराच्या निविदेला अतिरिक्त सुरक्षा अनामत घेतात. ती भरल्याची पावती किंवा बँक हमी आणि तिची मुदत फाइलमध्ये तपासा. ई-निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी एका कामाचे तुकडे पाडलेले असतील, तर ते एकाच सभेत, एकाच गल्लीत, मर्यादेच्या किंचित खालच्या रकमांनी ओळीने बसलेले दिसतात. विषयपत्रिकेत नसलेली, "आयत्या वेळचे विषय" म्हणून शेवटी घुसवलेली कामं आणि नगराध्यक्षांच्या तातडीच्या अधिकारात, म्हणजे नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली काढलेली कामं वेगळी तपासा. फुटलेली मुख्य जलवाहिनी ही तातडी आहे, चौकाचं सुशोभीकरण नाही.

रस्त्यामागे सगळे लागतात, पण लहान नगरपरिषदेत पैसा सतत गळतो तो रोजच्या ठेक्यांत. घंटागाडी आणि सफाईचा ठेका घ्या. बिलात ४० कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधीच्या मासिक चलनासोबतच्या यादीत ४० नावं हवीत. सकाळी सहा वाजता हजेरीच्या जागी उभं राहून सलग चार दिवस डोकी मोजा. कचऱ्याचं बिल टनावर असेल तर माणशी दिवसाला ३०० ते ४०० ग्रॅम धरा. ३० हजार वस्तीला ९ ते १२ टन. बिलात रोज २२ टन असेल तर वजनकाट्याच्या पावत्या आणि वाहन क्रमांक मागा. एकाच गाडीच्या दोन पावत्यांत सात मिनिटांचं अंतर असेल तर प्रश्न तिथेच सुटतो.

पाणीपुरवठ्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि तुरटी. रोज ३० लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे ६ किलो क्लोरीन. पावडरीत २५ ते ३३ टक्के क्लोरीन धरलं तर १८ ते २४ किलो पावडर, महिन्याला साधारण साडेपाचशे ते सव्वासातशे किलो. खरेदी याच्या दुप्पट असेल तर साठा नोंदवही बघा. निम्मी असेल तर त्याहून गंभीर आहे, कारण मग लोक निर्जंतुक न केलेलं पाणी पीत आहेत. तुरटी पाण्याच्या गढूळपणावर लागते, म्हणून जुलैचा आणि फेब्रुवारीचा खप सारखा असूच शकत नाही. बारा महिने एकच आकडा असेल तर खरेदी कागदावर ठरते आहे.

कागद मिळवायचे कसे? दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक स्वराज्य संस्थांनी नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. आधी तिथे जाऊन फाइल पाहा, पानांचे क्रमांक टिपून घ्या, मगच माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. "रस्त्यातल्या भ्रष्टाचाराची माहिती द्या" असं लिहिलं की अर्ज गेला. असं लिहा:

"(कामाचं नाव, मंजुरी आदेश क्रमांक) या कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती: १. प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आदेश. २. लीड स्टेटमेंटसह अंदाजपत्रक. ३. निविदांचा तुलनात्मक तक्ता. ४. कार्यारंभ आदेश व मुदतवाढ आदेश. ५. मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने. ६. साहित्य व ठोकळा चाचणी अहवाल. ७. त्रयस्थ तांत्रिक परीक्षण अहवाल. ८. सर्व देयके, कपातींसह. ९. द्विरुक्ती नसल्याचा दाखला. १०. काम सुरू होण्यापूर्वीची, चालू असतानाची व पूर्ण झाल्यावरची छायाचित्रे."

प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पसह. मुदत टळल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, ती मागायला विसरू नका. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पण तिथे वेळ फार जातो. म्हणून सोमवारचा मार्ग सोडू नका. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांआधी अनेक नगरपरिषदांत वर्षानुवर्षं प्रशासक होते. त्या काळातली मंजुरी सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात सापडणार नाही. प्रशासकीय ठरावांची नोंदवही मागा.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचे गेल्या तीन वर्षांचे अहवाल याच वेळी मागून घ्या. त्यात आक्षेपाधीन आणि वसूलपात्र रकमा परिच्छेदवार असतात. तुमच्या शंकेचा अर्धा भाग एखाद्या लेखापरीक्षकाने आधीच लिहून ठेवलेला असतो. अनुपालन झालं का, एवढंच तुम्ही विचारायचं.

तक्रारीचा क्रम: पहिली मुख्याधिकाऱ्यांकडे, आवक क्रमांक घेऊन. तक्रारीत विशेषण नको. "साखळी ६० ते ८० मीटरवर मध्यावर जाडी ११ सेंटिमीटर, एम.बी. पान अमुकवर १५ नोंद" एवढं पुरे. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका प्रशासन शाखेला. ठरावच बेकायदा असेल तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण बिल निघाल्यावर हा अर्ज बिनकामाचा ठरतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन चालतो. लाच मागितली असेल तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, तिथे कागदांची वाट पाहू नका.

नगरसेवकांशी वागायचं कसं, हाही प्रश्नाचाच भाग आहे. निधी प्रभागांत सारखा वाटून घ्यायची रीत बहुतेक ठिकाणी आहे. विरोधातल्या प्रभागाला कमी, सत्तेतल्याला थोडा जास्त, गरज कुठे आहे याचा विचार नाही. एकेका नगरसेवकाच्या वाट्याला येणारे १५-२० लाख मोठ्या नालीला पुरत नाहीत, म्हणून ८० मीटरचे तुकडे, पेव्हर ब्लॉक, कमानी होतात. दोन-तीन प्रभागांचा निधी एकत्र करून एक मुख्य नाली मागणारं निवेदन त्या सगळ्या नगरसेवकांच्या सहीने द्या. श्रेय वाटून जातं, त्यामुळे ते तयार होतात. नगरपरिषदेच्या ठेक्यात नगरसेवकाचा हितसंबंध असणं हा अपात्रतेचा विषय आहे, पण नातेवाईक ठेकेदार आहे एवढ्यावरून आरोप करू नका. बिलाचा पैसा, भागीदारी, पोटठेका यांचा कागद हातात नसेल तर तो विषय बाजूला ठेवा आणि जाडीवर बोला.

दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती करून द्यायची मुदत, निविदेत लिहिलेला असतो. तो काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पूर्णत्वाचा दाखला मिळवा आणि मुदत संपायची तारीख काढून ठेवा. तुमचा आधीचा, दोन पावसाळ्यांत उखडलेला रस्ता बहुधा अजून त्या मुदतीत असेल किंवा नुकताच बाहेर पडला असेल. मुदतीत असेल तर भेगा आणि खड्ड्यांचे फोटो साखळी क्रमांकासह जोडून आजच अर्ज द्या: दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घ्यावी, आणि तोपर्यंत त्याची सुरक्षा अनामत परत करू नये. अनामत आधीच परत केली असेल, तर ती कोणत्या तारखेला, कोणाच्या पाहणी अहवालावरून आणि कोणाच्या सहीने दिली, त्या आदेशाची प्रत मागा. पुढचा अर्ज त्या सहीवर करायचा आहे.